गडकरी ज्यांना गुरू मानायचे, त्या वऱ्हाडातल्या वकिलाच्या ‘सुदाम्या’नं मराठी वाचकांना याड लावलं होतं

नागपूरहून रस्त्यानं वर्ध्याकडे निघालं की सेलू तालुक्यात केळझर लागतं. टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. विदर्भातल्या अष्टविनायकांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं, त्यामुळे चतुर्थीला इथं पाय ठेवायला जागा नसते.

पण केळझरची अजून एक ओळख आहे. इथली जुनी माणसं सांगतात, की महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच. म्हणजे बकासुराचं गाव. तिकडे जळगाव जिल्ह्यातलं एरंडोलही हाच दावा करतं आणि उत्तरेतली दोन-चार गावंसुद्धा या रांगेत उभी आहेत. खरं गाव कुठलं, या भांडणात आपण पडायला नको. गोष्ट मात्र सगळीकडे एकच.

लाक्षागृहातून वाचलेले पांडव आईला घेऊन एकचक्रानगरीत लपून राहतात. गावाचा बकासुराशी करार झालेला असतो. रोज गाडाभर अन्न, गाडा ओढणारी जनावरं आणि सोबत एक माणूस. पांडव ज्या घरात उतरलेले असतात त्या घराची पाळी येते. कुंती भीमाला पाठवते. आता भीमाची भूक म्हणजे काय सांगायचं. भिक्षेत जे मिळेल त्यातला अर्धा वाटा एकट्या भीमाचा असायचा, तरी त्याचं पोट भरायचं नाही. तो गाडा घेऊन राक्षसाच्या दारात जातो, त्याला हाक मारतो आणि त्याच्यासमोर बसून त्याचंच जेवण संपवायला लागतो. राक्षस मागून गुद्दे घालतोय आणि हा पठ्ठ्या मान वर न करता जेवतोय.

माझी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा राक्षस मरेपर्यंत कोणी थांबायचंच नाही. आम्ही हसून हसून आधीच लोळत असायचो. देवाधर्माची गोष्ट आहे, हसू नका, असं तिनं कधीच म्हटलं नाही. ती स्वतःच हसायची.

हे सांगायचं कारण म्हणजे, देवाधर्माच्या गोष्टीवर घरात हसणं वेगळं आणि तेच छापून आणणं वेगळं. पुराणातल्या एका गरीब बिचाऱ्या पात्राला उचलायचं, त्याला आपल्या काळातल्या गावात आणून सोडायचं, त्याच्या तोंडून सगळ्या सणावारांची आणि रूढींची टर उडवायची आणि वर वाचकांनी म्हणायचं, की पुढचा अंक कधी येतोय. आज ऐकायला सोपं वाटतं. 1902 साली ते अजिबात सोपं नव्हतं.

हे ज्यांनी केलं त्यांचं नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर.

नाव ऐकलंय पण नेमकं आठवत नाही, असं झालं असेल तर तो तुमचा दोष नाही. मराठीत कोल्हटकर बरेच आहेत. किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर वेगळे. नट चिंतामणराव कोल्हटकर वेगळे. ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकर आणखी वेगळे. आपले श्रीपाद कृष्ण म्हणजे ते, ज्यांनी लिहिलेलं महाराष्ट्रगीत तुम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनात उभं राहून म्हटलेलं आहे. इतर देश कितीही सुंदर आणि संपन्न असोत, आम्हाला आमचा महाराष्ट्रच प्रिय, असं सांगणारं ते गाणं. गाणं सगळ्यांना पाठ आहे, ते लिहिणारा माणूस मात्र विसरला गेलाय.

तर गोष्ट पहिल्यापासून सांगते.

29 जून 1871 ला नागपुरात कोल्हटकरांचा जन्म झाला. आज आपण विदर्भ म्हणून जो एक तुकडा डोळ्यासमोर आणतो तो तेव्हा एक नव्हता. नागपूर आणि वर्धा मध्य प्रांतात होते, म्हणजे आपलं केळझरही तिकडेच. अकोला, बुलढाणा, अमरावती हा भाग म्हणजे वऱ्हाड. ते नावाला निजामाचं आणि कारभाराला इंग्रजांचं. 1903 मध्ये हे दोन्ही भाग एका कारभाराखाली आले. मुंबई-पुण्याच्या लेखी दोन्हीकडची माणसं तशी लांबचीच.

कोल्हटकरांचं शालेय शिक्षण अकोल्याला झालं. हे अकोला लक्षात ठेवा, कारण त्यांच्या आधी काही वर्षं कऱ्हाडकडचा एक गरीब मुलगा शिकायला अकोल्यातच येऊन राहिला होता. त्याचं नाव गोपाळ गणेश आगरकर. पुढे आगरकरांनी ‘सुधारक’ काढला आणि रूढींवर थेट घाव घातले. कोल्हटकर विचारानं त्याच वाटेचे. फरक एवढाच, की आगरकर वाचून लोक संतापायचे आणि कोल्हटकर वाचून आधी हसायचे. संतापायचं राहिलंय हे त्यांच्या नंतर लक्षात यायचं.

अकोल्यानंतर पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मग मुंबईत कायद्याचं शिक्षण. पोरगा बी. ए. एलएल. बी. होऊन वकील झाला. पण पुण्या-मुंबईत शिकताना त्याला एक रोग जडला होता. नाटकाचा.

तो काळच तसा होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ आणि 1882 मध्ये ‘सौभद्र’ आणून संगीत नाटकाचं वेड लावलेलं. कॉलेजातली मुलं नाटकावर आज आपण वेब सिरीजवर भांडतो तशी भांडायची. कोल्हटकरांनी त्या वयात ‘विक्रम-शशिकला’ नावाच्या एका नाटकाचं परीक्षण लिहिलं आणि ते ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये छापून आलं. ‘विविधज्ञानविस्तार’ म्हणजे 1867 पासून चालणारं वजनदार मासिक. परीक्षण असं खोलात जाऊन केलेलं होतं, की लोक विचारायला लागले, हा कोण.

आता समीक्षकाला लोक नेहमी जे म्हणतात, की मग तूच लिहून दाखव, ते यांनी करून दाखवलं. 1896 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीनं त्यांचं पहिलं नाटक रंगभूमीवर आणलं. नाव ‘वीरतनय’. यातली गंमत म्हणजे चाली. तोवर मराठी संगीत नाटकात कीर्तनाच्या, साकी-दिंडीच्या, लावणीच्या वळणाच्या चाली असायच्या. कोल्हटकरांनी सरळ पारशी आणि उर्दू रंगभूमीवरच्या उडत्या चाली उचलून मराठी पदांना लावल्या. काहींनी नाकं मुरडली. प्रेक्षकांनी मात्र डोक्यावर घेतलं.

त्यांच्या नाटकांची दुनियाही भन्नाट होती. पुराण नाही, इतिहास नाही, शेजारच्या गल्लीतलं घरही नाही. नकाशावर न सापडणारी राज्यं, वेष बदलून फिरणारे राजपुत्र, दडवलेली ओळख, चुकामूक, गुपितं, आणि या सगळ्यात एकावर एक पडणाऱ्या कोट्या. 1901 च्या ‘मूकनायक’मध्ये तर नायक मुका असल्याचं सोंग घेतो. आज आपण ज्याला विनोदी फँटसी म्हणू, त्याच्या फार जवळ जाणारा हा मामला होता.

पण या काल्पनिक राज्यांच्या पोटात प्रश्न अगदी घरातले. ‘मूकनायक’ दारूबद्दल आहे. ‘गुप्तमंजूष’ स्त्रीशिक्षणाबद्दल. 1907 चं ‘मतिविकार’ विधवाविवाहाबद्दल. आपल्याच घरातल्या विधवा बहिणीबद्दल बोलायचं म्हटलं तर प्रेक्षक उठून गेला असता. परक्या राज्यातल्या कुणाबद्दल म्हटल्यावर तो बसून राहायचा, हसायचा, आणि घरी जाताना त्याच्या डोक्यात किडा वळवळत राहायचा.

इकडे वकिली चालूच होती. आधी अकोला, मग खामगाव, नंतर जळगाव-जामोद. खामगाव म्हणजे कापसाचा बाजार आणि जळगाव-जामोद म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं तालुक्याचं गाव. मराठी साहित्याचं केंद्र तिथून पार लांब. पण विनोदी लेखकाला तालुक्याच्या कोर्टासारखी जागा मिळणं म्हणजे लॉटरीच. शेताच्या बांधावरून तीन पिढ्यांचं वैर, गहाणखतं, भाऊबंदकी आणि शपथेवर खोटं बोलणारी माणसं, सगळं समोरून चालत येतं.

1902 मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये त्यांचा पहिला विनोदी लेख आला. नाव ‘साक्षिदार’. वकिलानं पहिला विनोद कोर्टातल्या साक्षीदारावर करावा, यात आश्चर्य काहीच नाही.

मग लेखांमागून लेख यायला लागले आणि त्यातून तीन पात्रं वाचकांच्या ओळखीची झाली. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या. सुदामा गोष्ट सांगणारा, बाकीचे दोघे त्याचे जिगरी दोस्त. तिघंही रूढीचे कट्टर अभिमानी. जे जे जुनं ते ते सोनं, असं मानणारे. शिमगा असो, गणेशचतुर्थी असो, हे तिघं त्यात जीव तोडून भाग घेतात, त्याचं समर्थन करायला निघतात आणि समर्थन करता करता त्या रूढीचे बारा वाजवून ठेवतात. लेखक कुठंच म्हणत नाही, की ही रूढी मूर्खपणाची आहे. तो फक्त सुदाम्याला बोलू देतो.

हे कसं काम करतं ते समजायला एक उदाहरण घेऊ. हे कोल्हटकरांचं नाही बरं का, माझं आहे. त्यांचा सुदामा जर केळझरला आला असता आणि त्याला बकासुराची गोष्ट सांगितली असती, तर तो कुणाची बाजू घेईल? माझ्या मते बकासुराची. तो म्हणेल, की बघा, या राक्षसामुळे गावात केवढी शिस्त होती. रोजची पाळी ठरलेली, भांडण नाही, वशिला नाही. गाडाभर अन्न लागायचं म्हणून आचाऱ्यांना काम, गाडीवाल्यांना काम, जनावरांच्या बाजाराला तेजी. पूर्वजांनी विचार करूनच हा करार केला असणार, नाहीतर तो इतकी वर्षं चालला असता का? आणि एक परगावचा खादाड तरुण येतो, चालीरीतींचा मान न ठेवता राक्षसाच्या ताटावर बसतो आणि अख्खी व्यवस्था मोडून टाकतो. याला सुधारणा म्हणायचं?

वाचताना हसू येतं आणि मग जाणवतं, की हा युक्तिवाद आपण कुठंतरी ऐकलाय. हुंड्याच्या बैठकीत, मानपानाच्या भांडणात, घरातल्या मोठ्यांच्या तोंडून. फक्त बकासुराचं नाव वेगळं होतं.

1910 मध्ये हे लेख पुस्तकात आले. नाव ‘सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे’. या नावातच बरंच काही आहे. सुदाम्याचे पोहे म्हणजे गरीब मित्रानं कृष्णासाठी फडक्यात बांधून नेलेली, द्यायला लाज वाटावी अशी भेट. (नागपूरकरांनी इथं तर्री आठवायची नाही.) कडबोळं म्हणजे भाजणीचं, अनेक धान्यं एकत्र दळून केलेलं. लेख अठरा, म्हणून धान्यं अठरा.

पुढे लेख वाढत गेले. 1923 च्या वाढलेल्या आवृत्तीत ते बत्तीस झाले, म्हणून नाव पडलं ‘साहित्य बत्तिशी’. बत्तिशी म्हटलं की एका बाजूला सिंहासनबत्तिशी आठवते आणि दुसऱ्या बाजूला हसताना दिसणारे बत्तीस दात. कोल्हटकरांना दोन्ही अर्थ अभिप्रेत नसते तरच नवल.

आता वाचकांच्या याडाबद्दल. हा या गोष्टीतला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग आहे.

आज एखाद्या पुस्तकाचे चाहते काय करतात? त्यातली पात्रं घेऊन स्वतः गोष्टी लिहितात, त्यातल्या ओळी रोजच्या बोलण्यात वापरतात, लेखकाला गुरू मानतात. सुदाम्याच्या चाहत्यांनी नेमकं हेच केलं. आणि त्या चाहत्यांची नावं वाचून चक्कर यायची वेळ येते.

पहिले चाहते राम गणेश गडकरी. हो, ‘एकच प्याला’वाले. गडकरी 1885 चे, म्हणजे कोल्हटकरांपेक्षा चौदा वर्षांनी लहान. कॉलेज अर्धवट सोडून किर्लोस्कर नाटक मंडळीत पडेल ते काम करणारा हा पोरगा कोल्हटकरांना गुरू मानायचा, आणि ते नुसतं नमस्कारापुरतं नाही. गुरूनं विनोद लिहिताना सुदाम्याचा मुखवटा घेतला होता, म्हणून शिष्यानं ‘बाळकराम’ नावाचा मुखवटा घेतला. गुरूचा सुदामा दोन दोस्तांना घेऊन फिरायचा, तर बाळकरामाच्या भोवतीही असलीच वल्ली जमली. लग्न जुळवायला निघालेल्या बाळकरामाच्या मंडळींचे लेख आजही वाचले तर पोट दुखतं.

गुरूची काल्पनिक दुनिया आणि कोट्यांचा पाऊस शिष्यानं घेतला आणि त्याला आपली स्वतःची धार लावली. विषयसुद्धा बघा. गुरूनं 1901 मध्ये ‘मूकनायक’मधून दारूवर नाटक लिहिलं. शिष्याचं दारूवरचं नाटक म्हणजे ‘एकच प्याला’. गुरूचं नाटक आज नाटकवाल्यांच्या अभ्यासात उरलंय, शिष्याचं घराघरात माहीत आहे.

गडकरी 23 जानेवारी 1919 ला गेले. वय अवघं 33. आणि गेले कुठं, तर नागपूरजवळच्या सावनेरला. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. ज्या मुलखात गुरूचा जन्म झाला, त्याच मुलखात शिष्याचा शेवट झाला, आणि गुरू त्यानंतरही पंधरा वर्षं जगले. आपल्यापेक्षा मोठं होऊ शकणारं पोर आपल्या डोळ्यांदेखत जाणं काय असतं, यावर मी काही लिहिणार नाही.

दुसरे चाहते वि. स. खांडेकर. सांगलीचा हा मुलगा पुण्यात कॉलेजात असताना गडकऱ्यांच्या सहवासात आला आणि कोल्हटकर त्याचंही दैवत झाले. खांडेकर म्हटल्यावर आपल्याला ‘ययाति’ आणि ज्ञानपीठ आठवतं, गंभीर चेहरा आठवतो. पण त्यांच्या लिखाणाच्या सुरुवातीच्या काळात विनोदी लेखही आहेत, आणि कोल्हटकरांचं ऋण त्यांनी शेवटपर्यंत मानलं.

यापुढची साखळी तर मराठी वाचकाला माहीतच आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव, अत्र्यांची ‘झेंडूची फुले’, आणि मग पु. ल. या सगळ्यांनी कोल्हटकरांची नक्कल केली असं अजिबात नाही. चिं. विं.चा विनोद तर कोल्हटकरांच्या अगदी उलट आहे, साधा आणि घरगुती. पण मध्यमवर्गीय मराठी माणूस स्वतःवर हसू शकतो, ते छापता येतं, त्याला साहित्य म्हणता येतं आणि ते विकत घेऊन वाचलंही जातं, ही वाट सुदाम्यानं मोकळी करून ठेवली होती.

इथं मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कोल्हटकरांना मराठी विनोदाचे जनक म्हणतात. ते म्हणणं थोडं जपून घ्यायचं. हसणं मराठीला त्यांनी शिकवलं नाही. एकनाथांची भारुडं होती, तमाशातला सोंगाड्या होता, बहुरूपी होता. छापील शब्दांतही महात्मा फुल्यांची तिरकस लेखणी कोल्हटकरांच्या जन्माआधीपासून चालू होती. आणि वऱ्हाडाचंच बोलायचं तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्येच ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांच्या दुटप्पीपणाची अशी सालटी काढली होती, की आजही वाचताना कान लाल होतात. सुदाम्याच्या वीस वर्षं आधी, त्याच मुलखात. पण ताराबाईंच्या पुस्तकावर टीका झाली आणि नंतर ते कित्येक वर्षं लोकांच्या नजरेआड गेलं. सुदाम्याला टाळ्या मिळाल्या. रूढीची टर एका वकिलानं उडवली तर त्याला विनोद म्हणायचं आणि तेच एका बाईनं रोखठोक सुनावलं तर तिच्यावर तुटून पडायचं, हा फरकही त्या काळाबद्दल बरंच सांगून जातो.

सुदाम्याची दुनियासुद्धा मर्यादित आहे. पांढरपेशा पुरुषांची, त्यांच्या सणांची, त्यांच्या सभांची. शेतात राबणारा माणूस त्यात फारसा येत नाही. भाषा संस्कृतप्रचुर आहे, वाक्यं लांबलचक आहेत आणि कधीकधी कोटीसाठी कोटी केलेली आहे. मी पहिल्यांदा वाचायला घेतलं तेव्हा दहा पानांत दमले होते. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचून बघितलं तेव्हा गाडी रुळावर आली. तुम्हीही तसंच करा. हे मनात वाचायचं पुस्तक नाहीच, चार जणांत बसून एकानं वाचायचं आहे.

कुठून सुरुवात करायची असं कोणी विचारलं तर मी ‘चोरांचे संमेलन’ सांगते. त्या काळात सभा-संमेलनांची साथच आली होती. काँग्रेसची अधिवेशनं, सामाजिक परिषदा, ग्रंथकारांची संमेलनं, ज्याला त्याला संमेलन भरवायचं होतं. कोल्हटकरांनी विचार केला, मग चोरांनी काय पाप केलंय? त्यांचंही संमेलन भरलं.

आता खरा किस्सा पुढे आहे. 1927 मध्ये पुण्याला मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याच्या अध्यक्षपदी कोण बसलं, तर हेच श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. संमेलनांची टोपी उडवणारा माणूस संमेलनाच्या सर्वोच्च खुर्चीवर. 2023 च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन वर्ध्याला होतं तेव्हा नागपूरकडून येणाऱ्या गाड्या केळझरवरूनच जात होत्या आणि मला राहून राहून सुदामा आठवत होता. मंडप, मानापमान, पाहुण्यांचे पास, ठराव. त्याला या रस्त्यावर उतरवलं असतं तर त्याची पुढची वर्षभराची सोय झाली असती.

हा माणूस नुसता विनोद करून थांबलेला नाही. 1913 मध्ये त्यांनी ‘भारतीय ज्योतिर्गणित’ नावाचा ग्रंथ लिहिला. ज्योतिष नाही, ज्योतिर्गणित. म्हणजे ग्रहताऱ्यांच्या गतीचं गणित. मला तर यात त्यांच्या विनोदाचं गुपित दिसतं. ज्याला ग्रहण कधी लागणार हे कागदावर मांडून काढता येतं, त्याला ग्रहणाच्या नावाखाली चाललेला गोंधळ बघून हसूच येणार. 1925 मध्ये ‘दुटप्पी की दुहेरी’ आणि ‘श्यामसुंदर’ या दोन कादंबऱ्याही आल्या, पण सुदाम्याला जे प्रेम मिळालं ते त्यांच्या वाट्याला आलं नाही.

आणि ते महाराष्ट्रगीत. ते लिहिलं गेलं तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. पुणे मुंबई इलाख्यात, औरंगाबाद निजामाकडे, नागपूर आणि अकोला मध्य प्रांत-वऱ्हाडात. तीन सत्तांमध्ये वाटलेल्या मुलखाला एक देश म्हणून हाक मारणारा माणूस पुण्याचा किंवा मुंबईचा नव्हता, तो नागपुरात जन्मलेला आणि वऱ्हाडात वकिली करणारा होता. वेगळ्या विदर्भावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना ही माहिती देऊन बघा, दोन्हीकडचे दोन मिनिटं गप्प बसतात. राज्य आलं 1 मे 1960 ला. कोल्हटकर तोवर राहिले नव्हते.

शेवटच्या काळात रंगभूमी त्यांच्या हातून निसटली होती. देवलांच्या ‘शारदे’नं 1899 मध्येच दाखवून दिलं होतं, की जरठ-बाला विवाहासारखा प्रश्न मांडायला काल्पनिक राज्य लागत नाही, साधं घर पुरतं. मग खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं, गडकरी आले. प्रत्येक नव्या नाटकासोबत कोल्हटकरांचे राजपुत्र आणि गुप्त पेट्या जुन्या वाटत गेल्या. ते लिहीत राहिले, पण ‘वीरतनय’च्या वेळचा तो जल्लोष परत आला नाही.

1 जून 1934 ला कोल्हटकर गेले. त्यांचं ‘आत्मवृत्त’ वाचकांच्या हातात पडलं ते त्यानंतर, 1935 मध्ये.

त्यांच्या लिखाणावरचा कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे ‘सुदाम्याचे पोहे’ कुणालाही छापता येतं आणि वाचता येतं. येत्या चतुर्थीला केळझरला दर्शनाच्या रांगेत दोन तास उभं राहायचं असेल तर मोबाईलवर शोधून ठेवा. ‘गणेशचतुर्थी’ नावाचा लेख त्यात आहे. फक्त मोठ्यानं हसताना पुढच्या माणसाकडे लक्ष असू द्या.